वायफाय सारखं तुटतंय? हल्ला आहे की अजून काही, ते कसं ओळखायचं आणि राउटरमध्ये काय बदलायचं

कोपरखैरण्याला माझ्या मित्राचा क्लास आहे, आठवी ते दहावी, माथाडींच्या घरांच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला की अरे रोज संध्याकाळी वायफाय बसतं, पोरांची ऑनलाइन टेस्ट अर्धी राहते, पालक मला फोन करतात, आणि समोरचा मोबाईल रिपेअरिंगवाला म्हणतोय की तुमचं वायफाय कोणीतरी हॅक केलंय. मी म्हटलं थांब, रविवारी येतो, तोपर्यंत राउटर रिसेट वगैरे करू नकोस. त्याने अर्थातच तोपर्यंत दोनदा रिसेट केला होता.

त्या क्लासमध्ये जे जे सापडलं त्याच क्रमाने हे लिहितोय, कारण नवीन माणूस थेट हल्ल्यापासून सुरुवात करतो आणि मग तीन दिवस भलतीकडेच शोधत बसतो. वायफाय बंद पाडणारी खरी त्रुटी आहे, जुनी आहे, घराघरात आहे, तिच्याकडे येतोच. पण आधी साध्या गोष्टी बाजूला काढायच्या.

नेट गेलंय की वायफाय गेलंय

हे दोन वेगळे प्रकार आहेत हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो, तो लाल झाला असेल तर वायर बाहेर कुठेतरी तुटलीय, केबलवाल्याला फोन करा आणि हा लेख बंद करा. दिवा ठीक असेल तर लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून दोन पिंग, म्हणजे "आहेस का" अशा हाका, लावायचे, एक राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जो तुमचा असेल तो, आणि दुसरा बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरचा पिंग चालू आणि बाहेरचा बंद म्हणजे तुमचं वायफाय धडधाकट आहे, नेट गेलंय. दोन्ही बंद म्हणजे घोळ घरातच आहे.

मग एक लॅपटॉप नेटवर्कच्या वायरने राउटरला लावा आणि दुसरा वायफायवर ठेवा. वायफायवाला लटकला आणि वायरवाला चालू राहिला तर राउटर जिवंत आहे, फक्त हवेतला भाग मेलाय. दोघेही एकदम लटकले तर राउटर स्वतःच आडवा झालाय.

राउटर आडवा होतोय का हे बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानावरचा (राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उघडतं ते) अपटाइम, म्हणजे तो किती वेळ चालू आहे तो आकडा. मी हे नेहमी पहिलं बघतो. तुम्ही रात्रीपासून राउटरला हात लावला नाहीये आणि अपटाइम चार मिनिटं दाखवतोय म्हणजे तो आपोआप रिस्टार्ट झालाय, आणि आपल्याकडे त्याचं कारण दहातल्या सात वेळा ॲडॅप्टर असतं (हा सात आकडा माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या सर्व्हेचा नाही). बारा व्होल्टचा ॲडॅप्टर तीन-चार वर्षं चोवीस तास गरम होतो, पावसाळ्यात लाइट येजा करते, कधीतरी तो दम टाकतोच. नवा लावून बघा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे, फक्त व्होल्ट आणि अँपिअर जुन्यावर लिहिलेत तेच घ्या.

ॲडॅप्टर नवा असूनही रिस्टार्ट होत असेल तर मग फर्मवेअरवर, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्यायचा. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, हा शेवटी एक छोटा कम्प्युटर, त्याच्या आत सेटिंगचं पान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, आणि त्याला वेडीवाकडी किंवा गरजेपेक्षा फार लांब रिक्वेस्ट पाठवली की तो कोसळतो, सोबत कधीकधी अख्खा डबा रिस्टार्ट होतो. डिनायल ऑफ सर्व्हिसच्या ज्या त्रुटी राउटर कंपन्या सारख्या दुरुस्त करत असतात त्यातल्या कित्येक याच जातीच्या असतात. चोरी काहीच होत नाही, पासवर्ड जात नाही, नुसती सेवा बंद. यावर इलाज कंपनीच्या साइटवरून नवीन फर्मवेअर, आणि सेटिंगचं पान बाहेरून उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद. पाहुण्यांचं वायफाय वेगळं असेल तर तिथूनही ते पान उघडता कामा नये.

पत्ते संपलेत का बघा

क्लासच्या राउटरचा अपटाइम मित्राच्या शेवटच्या रिसेटपासूनचा होता, म्हणजे मधे आपोआप रिस्टार्ट नाही, एलओएस ठीक, वायरवरचा लॅपटॉप ठीक. मग मी मित्राला विचारलं की नक्की कुठल्या बॅचला त्रास होतो. तो म्हणाला सकाळच्या पोरांना कधीच नाही, संध्याकाळी सहानंतरच. हे ऐकलं आणि मी थेट डीएचसीपीच्या, म्हणजे मोबाईलना पत्ते वाटायच्या सोयीच्या, पानावर गेलो.

राउटर प्रत्येक मोबाईलला एक पत्ता देतो, आयपी ॲड्रेस. त्याच्याकडे पत्त्यांचा साठा ठरलेला असतो, क्लासच्या राउटरमध्ये १०० ते १९९, म्हणजे शंभर. आणि एकदा दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा तेही ठरलेलं, तिथे चोवीस तास. आता हिशोब करा, दिवसाच्या चार बॅच, एकेका बॅचला पस्तीसेक पोरं, सगळ्यांच्या खिशात मोबाईल, म्हणजे एकशे चाळीस. सकाळची पोरं घरी जाऊन जेवून झोपली तरी त्यांचे पत्ते राउटरने जपून ठेवलेत, आणि संध्याकाळच्या पोरांचा मोबाईल नुसता "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" म्हणत गरगर फिरतोय. लग्नात पहिल्या पंगतीने उठताना खुर्चीवर रुमाल टाकून जावं तसं. कोणीही हल्ला केलेला नाही, आपणच आपल्या हाताने सेवा बंद पाडलेली. साठा २ ते २५० केला (प्रिंटर आणि कॅमेऱ्याचे ठरलेले पत्ते सोडून) आणि वेळ दोन तास केला. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, दवाखान्यात, सलूनमध्ये हाच प्रकार असतो. मुद्दाम खोटे मोबाईल दाखवून कोणी हा साठा संपवूही शकतो, म्हणून पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवलेलं बरं.

पुढचे दोन दिवस क्लास सुरळीत चालला. तिसऱ्या दिवशी परत फोन. "दादा, आता सगळ्यांचं एकदम जातं आणि एकदम येतं."

गर्दी बाजूला काढा

एकदम जातं म्हटल्यावर आधी हवा बघायची. मोबाईलवर वायफाय ॲनालायझरचं कुठलंही ॲप टाका. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत मला सदतीस नेटवर्क दिसली, घराला घर चिकटलेलं, प्रत्येक मजल्यावर एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे तिथे रेटारेटी ठरलेलीच. चॅनलची रुंदी २० वर ठेवा, ४० ठेवून फायदा काही होत नाही, फक्त शेजाऱ्यांना त्रास. मायक्रोवेव्ह ओव्हनही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, खाली वडापावचं दुकान असेल आणि तो सारखा गरम करत असेल तर त्याच्या वेळा आणि तुमच्या वायफायच्या वेळा जुळवून बघा, हसू नका, मी हे ऐरोलीत खरंच पाहिलंय.

५ गिगाहर्ट्झ चालत असेल तर मोबाईल तिकडे हलवा. पण ते अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल तर चॅनल बघा. मधल्या काही चॅनलवर रडारला आधी मान असतो, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला चॅनल सोडावाच लागतो. ३६ ते ४८ मधला चॅनल हाताने लावून टाका, ही भानगड तिथे नाही.

गर्दी असली की वायफाय रडतखडत चालतं, स्पीड पडतो, पण सगळे मोबाईल एका सेकंदाला एकत्र बाहेर फेकले जात नाहीत. क्लासमध्ये तेच होत होतं. म्हणजे आता खऱ्या विषयाकडे.

डीऑथ म्हणजे काय

वायफायमध्ये तीन प्रकारचे संदेश हवेतून फिरतात, डेटा, कंट्रोल आणि मॅनेजमेंट. तुम्ही पासवर्ड टाकता, डब्ल्यूपीए२ ही सुरक्षा पद्धत लागते, तेव्हा कुलूप लागतं फक्त डेटाला. मॅनेजमेंटचे संदेश, म्हणजे मी इथे आहे, मला जोडून घे, तू आता जा, हे मुळात उघडेच. त्यातला "तू आता जा" म्हणजे डीऑथेंटिकेशन, सगळे डीऑथ म्हणतात. हा संदेश खरंच राउटरनेच पाठवलाय का हे तपासायची काही सोयच जुन्या वायफायमध्ये नाही. पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, लिहिला की मोबाईलचा विश्वास बसला. पासवर्ड माहीत असायची गरज नाही, पासवर्ड बदलूनही फरक पडत नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

असं समजा की कोपरखैरणे स्टेशनात वाशीला जाणारी लोकल उभी आहे आणि कोणीतरी हुबेहूब रेल्वेच्या आवाजात घोषणा केली की ही गाडी पुढे जाणार नाही, सगळ्यांनी उतरून घ्या. लोक उतरणार. मोटरमनला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्या लेखी गाडी भरलेली आहे. मोटरमनचा हा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

ही त्रुटी नवीन नाही. २००३ मध्ये जॉन बेलार्डो आणि स्टीफन सॅव्हेज या दोघांनी युझनिक्स या कम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या सिक्युरिटी परिषदेत पेपर मांडून हे प्रत्यक्ष करून दाखवलं होतं. उपाय म्हणून ८०२.११डब्ल्यू नावाचं स्टँडर्ड २००९ मध्ये आलं. म्हणजे औषध आहे, कित्येक राउटरमध्ये भरलेलंही आहे, फक्त बटण बंद असतं. अमेरिकेत तर नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या हॉटेलने पाहुण्यांचे स्वतःचे मोबाईल हॉटस्पॉट याच पद्धतीने तोडले होते, हॉटेलचं विकतचं वायफाय वापरावं लागावं अशी परिस्थिती, आणि २०१४ मध्ये त्याबद्दल तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, सहा लाख डॉलरचा भुर्दंड लावला. आपल्याकडे तर हौशी पोरांच्या हातात यासाठीचे छोटे स्वस्त बोर्ड असतात. त्यातले बहुतेक स्वस्त बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे २.४ पडतंय आणि त्याच वेळी ५ टिच्चून चालू आहे, ही एक खूण.

खात्री कशी करायची

विंडोजचा लॅपटॉप असेल तर काळी खिडकी ॲडमिन म्हणून उघडा आणि "नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट" ही कमांड इंग्रजीत (netsh wlan show wlanreport) टाइप करा, मागच्या तीन दिवसांचा रिपोर्ट तयार होतो, कधी जोडलं, कधी तुटलं, का तुटलं. मग राउटरचा लॉग शेजारी ठेवा. आता मोटरमन आठवा. राउटरने स्वतः मोबाईलला काढलं असेल तर त्याच्या लॉगमध्ये नोंद असते. खोट्या डीऑथमध्ये राउटरने काही पाठवलेलंच नसतं, त्यामुळे बऱ्याचदा लॉगमध्ये तुटल्याची नोंदच नाही, नुसतं तेच मोबाईल परत परत जोडले जाताना दिसतात. पहिल्यांदा बघितलं की माणूस चक्रावतो, गेले कधी ते लिहिलंच नाही आणि आले मात्र दहा वेळा.

अजून पक्कं करायचं तर हवेतले संदेश पकडावे लागतात. साध्या विंडोज लॅपटॉपचं वायफाय कार्ड सहसा हे करू देत नाही. मॅकबुक असेल तर ऑप्शन की दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, वायरलेस डायग्नॉस्टिक्स उघडा, विंडोच्या मेनूत स्निफर आहे, तिथे आपला चॅनल निवडून दहा मिनिटं चालू ठेवा आणि मग फाइल वायरशार्कमध्ये, म्हणजे असे संदेश उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. मॅनेजमेंटच्या प्रकारात डीऑथचा सबटाइप १२ आणि त्याचा भाऊ डिसअसोसिएशन १०. दिवसात चार-दोन डीऑथ दिसणं अगदी नॉर्मल, मोबाईल येतात जातात. एका सेकंदात डझनावारी, आणि तेही सगळ्यांना उद्देशून, हे नॉर्मल नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी बघायला मला स्वतःला फार मजा येते. प्रत्येक संदेशासोबत सिग्नल किती जोरात आला तेही नोंदलेलं असतं, उणे आकड्यात, शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त. क्लासमध्ये राउटरचे खरे संदेश उणे ४२ च्या आसपास येत होते, राउटर तर समोरच भिंतीवर. आणि त्याच राउटरच्या नावाचे डीऑथ येत होते उणे ७१ वर. भिंतीवरचा राउटर एका क्षणी कानात ओरडतोय आणि दुसऱ्या क्षणी चार घरं पलीकडून बोलतोय, असं कसं होईल? संदेशांवरचे अनुक्रमांकही असेच मधेच उड्या मारत होते. मोबाईल रिपेअरिंगवाला शब्दाने चुकला असला तरी अगदीच हवेत बोलत नव्हता.

राउटरमध्ये काय बदलायचं

सेटिंगमध्ये वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर पीएमएफ किंवा प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स किंवा नुसतं ८०२.११डब्ल्यू असं काहीतरी सापडेल, कंपनीगणिक नाव वेगळं, कधी ॲडव्हान्स्डच्या आत खोल पुरलेलं. त्यात तीन पर्याय असतात, बंद, ऐच्छिक आणि सक्तीचं. हे लागलं की "तू आता जा" या संदेशावर जोडणीच्या वेळी ठरलेल्या किल्लीचा शिक्का लागतो, शिक्का नसलेली घोषणा मोबाईल ऐकूनच घेत नाही. आधी ऐच्छिक करा. ज्या मोबाईलला जमतं ते सुरक्षित होतात, बाकीचे पूर्वीसारखेच जोडलेले राहतात पण त्यांना संरक्षण नाही.

डब्ल्यूपीए२ च्या पुढची आवृत्ती डब्ल्यूपीए३ असेल तर तेच लावा, त्यात पीएमएफ सक्तीचंच आहे. अँड्रॉइड १० पासून, आयफोन ७ आणि पुढे, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते चालतं. घरात एखादा जुना मोबाईल असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय घ्या, म्हणजे नव्यांना शिक्का, जुन्यांना जुनं.

क्लासच्या राउटरमध्ये यातलं काहीच नव्हतं, उलट तो डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ मिक्स्ड, टीकेआयपी अधिक एईएस (कुलूप लावायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी), अशा खिचडीवर होता. ही खिचडी दिसली की आधी काढा. टीकेआयपीमध्ये एक विचित्र नियम आहे, साठ सेकंदांत दोन वेळा संदेशाची तपासणी फसली की राउटर समजतो हल्ला झाला आणि टीकेआयपीवरच्या सगळ्यांना काढून स्वतः साठ सेकंद गप्प बसतो. म्हणजे बचावासाठी केलेली सोयच बंद पाडायला वापरता येते, चोर आला म्हणून घरमालकाने स्वतःलाच बाथरूममध्ये कोंडून घ्यावं तसं. नुसतं एईएस ठेवा. जाता जाता डब्ल्यूपीएसही, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करून टाका.

राउटर फार जुना असेल आणि पीएमएफ कुठेच नसेल तर नवीन घ्या, अडीच-तीन हजारात डब्ल्यूपीए३ वाला मिळतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात स्पीड लिहिलेला असतो, त्याकडे बघू नका, बारीक अक्षरात डब्ल्यूपीए३ आहे का ते बघा. केबलवाल्याचाच डबा वापरत असाल तर त्याचं वायफाय बंद करून आपला राउटर वायरने मागे जोडा.

एवढं करूनही काय उरतं

बरंच उरतं. पीएमएफ लागू होतं जोडणी झाल्यावर, त्यामुळे जोडणीच्या आधीच खोट्या रिक्वेस्टचा भडिमार करून राउटरला दमवता येतं. डब्ल्यूपीए३ मध्येही २०१९ साली मॅथी व्हॅनहोफ आणि एयाल रोनेन यांनी दाखवलं की सेकंदाला फक्त १६ खोटे जोडणीचे संदेश पाठवून ॲक्सेस पॉइंटचा प्रोसेसर घामाघूम करता येतो, म्हणून तिथेही फर्मवेअर ताजं हवं. आणि कोणी सरळ त्या फ्रिक्वेन्सीवर गोंगाटच सुरू केला तर कुठलंच सेटिंग कामाचं नाही, वायफायचा स्वभावच असा की हवा मोकळी दिसली तरच बोलायचं. जे बंद पडून चालणारच नाही ते वायरवर ठेवा. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, सरांचा लॅपटॉप, टेस्टचा कम्प्युटर. वायर कितीही कुरूप दिसली तरी तिला लांबून कोणी "तू आता जा" म्हणू शकत नाही.

कोणी मुद्दाम करतंय याची खात्री असेल तर पकडलेली फाइल, तारखा, वेळा जपून ठेवा. दुसऱ्याचं नेटवर्क बंद पाडणं हे आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं आणि अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवी मुंबई पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे, राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि हो, उलट त्याचंच वायफाय पाडून दाखवतो असं डोक्यात आलं तर तेच कलम तुम्हालाही आहे. शिकायचंच असेल तर आपल्या राउटरवर, आपल्या मोबाईलवर, आणि तेही सदतीस नेटवर्कच्या गल्लीत नको, कारण हवेत भिंती नसतात.

क्लासमध्ये मी आणि मित्र मॅकबुक हातात धरून जिन्यात, गच्चीत, गल्लीच्या टोकापर्यंत फिरलो. मागच्या गल्लीत सिग्नल उणे ५५ पर्यंत आला, तिथे चार मजल्यांच्या तीन इमारती, प्रत्येकात आठ-दहा घरं, आणि आमच्याकडे बघणारी एक मावशी. कोण ते कळलं नाही. त्याच आठवड्यात नवा राउटर लावला, डब्ल्यूपीए३, पीएमएफ सक्तीचं. मी नंतर एकदा परत पकडून बघितलं तर डीऑथ संध्याकाळी सहा वाजता तसेच येत होते, पोरं टेस्ट देत होती, कोणाला पत्ता नाही. फक्त क्लासच्या जुन्या प्रिंटरला ते सक्तीचं प्रकरण झेपलं नाही, तो जोडलाच जाईना. त्याला वायर लावलीय.